धुराला वाट हवी: लेसर यंत्रासाठी पंखा निवडताना

घरातच एखादा उद्योग चालावा, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. ओसरीवरचे शिवणयंत्र, माजघरातले पापड-मसाले, सोप्यातला हातमाग यांनी आजवर कित्येक संसारांना हातभार लावला आहे. या परंपरेत अलीकडे एका नव्या यंत्राची भर पडली आहे. लाकूड, ॲक्रिलिक, कातडे, जाड कागद असे नाना पदार्थ ते एका अदृश्य किरणाने कापते. गणपतीची मखरे, दारावरच्या पाट्या, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, मुलांची लाकडी कोडी, शाळेतील प्रयोगांची साधने, हे सारे आज या लेसर यंत्रावर तयार होते.

वाचकहो, या यंत्राविषयी आपल्याला आपुलकी वाटावी, असे एक कारण आहे. ज्या कार्बन डायऑक्साइड लेसरवर अशी बहुतेक लहान यंत्रे चालतात, तो १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉ. कुमार पटेल यांनी शोधून काढला. त्यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा, आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. पुढे पुणे जिल्ह्यातीलच पाबळ या गावी, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात, २००२ साली ‘फॅब लॅब’ सुरू झाली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या कल्पनेतून निघालेल्या अशा कार्यशाळा आता जगभर आहेत, आणि लेसर यंत्र हे त्यांच्या ठरलेल्या साधनांपैकी एक आहे. बारामतीच्या मुलाने शोधलेला किरण अशा रीतीने पुन्हा आपल्या खेड्यापाड्यांत येऊन पोहोचला.

मात्र या यंत्राला एक सोबती असतो. तो म्हणजे धूर. यंत्राची किंमत, त्याची शक्ती, त्याच्या टेबलाचा आकार यांचा आपण महिनोन्‌महिने विचार करतो. धुराचा विचार यंत्र दारात उतरल्यावर करतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा क्रम बदलण्याचा आहे.

पंखा फिरतो, धूर मात्र जात नाही

बंगळूरच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने घर सोडून गेलेली मराठी कुटुंबे त्या परिसरात राहतात. कल्पना करा की, अशाच एका दांपत्याने तेथे घराच्या तळमजल्यावर, मोटार ठेवण्याच्या जागेत, एक लेसर यंत्र मांडले आहे. महाराष्ट्रात २०१८ साली थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून लाकडी पातळ फळीच्या मखरांना मागणी आहे. गावाकडून चार मागण्या आल्याही आहेत. स्वयंपाकघरात लावतात तसा बारा इंची पंखा आणून त्यांनी यंत्रामागच्या खिडकीत बसविला, आणि यंत्राच्या मागील तोंडापासून खिडकीपर्यंत चार इंची पन्हळी नळी ओढली.

पहिले मखर कापायला घेतले आणि खोली धुराने भरली. वरच्या मजल्यावर अभ्यास करणाऱ्या मुलाचे डोळे चुरचुरू लागले. पंखा तर जोरात फिरत होता! दुकानदाराने सांगितलेला हवेचा आकडाही मोठा होता. मग उणीव कोठे राहिली?

हा प्रश्न काल्पनिक कुटुंबाचा असला, तरी लहान कार्यशाळांत तो नेहमीच उभा राहतो. त्याचे उत्तर समजण्यासाठी प्रथम हा धूर काय आहे, ते पाहू.

धुरात असते तरी काय?

लेसरचा किरण पदार्थाला करवतीसारखा कापीत नाही. तो त्याला एका बिंदूत इतका तापवितो की, पदार्थ वितळतो, जळतो किंवा त्याची वाफ होते. फळीतून जेवढी रेघ नाहीशी होते, तेवढा पदार्थ हवेत मिसळतो. त्यातील बरेच कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे ते फुप्फुसात किती खोलवर जाऊ शकतात याची कल्पना येईल.

प्रत्येक पदार्थाचा धूर वेगळा असतो. प्लायवूड आणि एमडीएफ यांच्या चिकटद्रव्यातून फॉर्मल्डिहाइड निघतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली त्याची गणना माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. ॲक्रिलिक कापताना मिथाइल मेथॅक्रिलेटची उग्र वाफ येते. एबीएस या प्लास्टिकच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असू शकतो. लाकूड अर्धवट जळाले की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वासच नसतो. म्हणून ‘वास येत नाही, म्हणजे हवा स्वच्छ आहे’ हा समज धोक्याचा आहे. शिवाय वासाला नाक थोड्याच वेळात सरावते. कारागिराला जो वास जाणवत नाही, तो बाहेरून आलेल्या पाहुण्याला उंबरठ्यावरच जाणवतो.

एक पदार्थ मात्र कितीही चांगला पंखा असला तरी या यंत्रात घालू नये. तो म्हणजे पीव्हीसी. पाट्यांसाठी वापरला जाणारा पीव्हीसी फोमबोर्ड, चिकटपट्ट्यांचे व्हायनिल, रेक्झिनचे अनेक प्रकार हे याच कुळातले. ते तापले की हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतो. ओलाव्याशी त्याचे आम्ल होते, आणि ते फुप्फुसांना तर घातक असतेच, पण यंत्राचे लोखंडी भागही खाऊन टाकते. पदार्थाविषयी शंका असल्यास उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, एक साधी परीक्षा करता येते. तांब्याची तार लाल तापवून त्या पदार्थाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे असे समजून तो तुकडा बाजूला ठेवावा.

उगमाशीच अडवावा

आपल्याकडे धुराशी गृहिणीची झुंज फार जुनी आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत तयार झालेल्या मगन चुलीची युक्ती काय होती? विस्तव सर्व बाजूंनी बंदिस्त करावयाचा, आणि धुराला नळाने छपराबाहेर वाट द्यावयाची. स्वयंपाकघरभर पसरलेला धूर खिडकीतून हुसकून लावण्यापेक्षा चुलीतच त्याला पकडणे सोपे असते. १९४८ सालच्या कारखाना अधिनियमाच्या चौदाव्या कलमातही हेच तत्त्व घातलेले होते: धूळ व धूर ओढणारे साधन उगमाच्या शक्य तितके जवळ असावे, आणि उगमाची जागा शक्य तितकी झाकलेली असावी. घरगुती कार्यशाळेला असा कायदा लागू होवो अथवा न होवो, माणसाचे फुप्फुस सर्वत्र सारखेच असते.

तेव्हा पंख्याने खोलीतली हवा बदलावयाची नसून यंत्राच्या पेटीतली हवा बाहेर ओढावयाची आहे. झाकणाच्या प्रत्येक फटीतून हवा सतत आत शिरत राहिली, तर धूर बाहेर येऊच शकत नाही.

किती हवा ओढावी लागेल, याचा हिशेब घरी करता येतो. यंत्राच्या झाकणाच्या कडा, पुढची फट, खालच्या कचऱ्याच्या कप्प्याभोवतीची जागा यांची लांबी-रुंदी मोजून बेरीज करावी. समजा, ९०० बाय ६०० मिलिमीटर टेबलाच्या यंत्रात ती दीड चौरस फूट भरली. प्रत्येक फटीतून मिनिटाला सुमारे २०० फूट वेगाने हवा आत यावी, असे धरले तर १.५ गुणिले २००, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा लागेल. बाजारात यालाच ३०० सीएफएम म्हणतात. गळती आणि पुढे साचणारा मळ जमेस धरून आपण ४०० धरू. फटी पट्टीने बुजविल्या, तर हाच आकडा खाली येतो. म्हणजे चार रुपयांची फोमची पट्टी पंख्याचे काम हलके करते.

नळाचा हिशेब आधी, पंख्याचा नंतर

येथेच आपल्या दांपत्याची चूक झाली होती. पंख्यावर लिहिलेला हवेचा आकडा हा समोर कोणताही अडथळा नसतानाचा असतो. त्याला नळ जोडला की हवा नळाच्या अंगाला घासते, वळणावर आपटते, जाळीतून गाळली जाते. या साऱ्या विरोधावर मात करण्यासाठी पंख्याला दाब निर्माण करावा लागतो, आणि तो पाण्याच्या स्तंभाच्या मिलिमीटरांत मोजतात.

सहा इंची गुळगुळीत नळातून ४०० सीएफएम हवा गेली, तर तिचा वेग मिनिटाला सुमारे २,००० फूट होतो. धुराचे कण नळात न साचता पुढे जाण्यास तो पुरेसा आहे. अशा वीस फूट नळाचा विरोध साधारण ५ मिलिमीटर, दोन मोठ्या गोलाईच्या वळणांचा मिळून ४, हवा नळात शिरतानाचा ५ आणि नळाच्या शेवटी बाहेर पडतानाचा ६, अशी सुमारे २० मिलिमीटर बेरीज होते. यंत्राच्या आतील अडथळ्यांचे आणखी ५ मिळवावे. हे अंदाजाचे आकडे आहेत; पण निवड करण्यास ते पुरेसे आहेत.

आता तेवढीच हवा चार इंची नळातून न्यावयाची म्हटले, तर काय होईल? नळाचा व्यास दीडपटीने घटला की तेवढ्याच हवेसाठी घर्षण साडेसात पटींहून अधिक वाढते, आणि वळणांचा व तोंडांचा विरोध पाचपट होतो. वरचे २० मिलिमीटर ११० च्या वर जातात! शिवाय पन्हळी नळी न ताणता, गुंडाळी तशीच ठेवून लावली, तर विरोध आणखी कितीतरी वाढतो. काटकोनातले एक तीव्र वळण सावकाश गोलाईच्या चार वळणांइतके भारी पडते. म्हणून नळ रुंद, आखूड, सरळ आणि आतून गुळगुळीत असावा. तो जस्ताच्या पत्र्याचा घ्यावा. प्लास्टिकचा नळ ठिणगीने पेट घेऊ शकतो.

सूप आणि भाता

स्वयंपाकघरातील पाती असलेला पंखा सुपासारखा आहे. सुपाने पुष्कळ वारा घालता येतो, पण तोच वारा नळीत कोंबता येत नाही. असा पंखा पाण्याच्या काही मिलिमीटरांइतकाच दाब देऊ शकतो. पुढे तो फिरतो, आवाज करतो, पण हवा जागची हालत नाही. बेळ्ळंदूरच्या त्या खिडकीत नेमके हेच घडले होते.

लोहाराच्या भट्टीला हाताने फिरवायचा जो गोल, गोगलगाईच्या कवचासारखा पंखा असतो, तो दुसऱ्या जातीचा. तो हवा मध्यातून घेऊन कडेने जोराने फेकतो. विजेवर चालणाऱ्या त्याच्या भावंडाला बाजारात ‘सेंट्रिफ्यूगल ब्लोअर’ म्हणतात. आपल्याला हवा तो हाच.

दुकानात गेल्यावर ‘किती इंची’ असे न विचारता ‘तीस ते चाळीस मिलिमीटर दाबाला किती सीएफएम’ असे विचारावे, आणि दाब व हवा यांचा आलेख मागावा. आलेखात ३० मिलिमीटरच्या रेघेवर ४०० सीएफएमचा बिंदू बसत असेल, तर पंखा योग्य. आलेख दाखविता न येणाऱ्या पंख्याचा मोठा आकडा विश्वासार्ह मानू नये. एवढ्या कामाला पाव ते अर्ध्या अश्वशक्तीची मोटर सामान्यतः पुरते. मोटर हवेच्या प्रवाहाबाहेर असावी, म्हणजे चिकट धूर तिच्यात जाणार नाही. पाती पुसण्यासाठी कवच उघडता येते की नाही, हेही पाहून घ्यावे.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा मुंबईच्या हवेहून जवळजवळ एकदशांशाने विरळ आहे. म्हणून तेथे मोठा पंखा लागेल, असे कोणी सुचवील. ते बरोबर नाही. विरळ हवेत पंख्याचा दाब घटतो खरा, पण नळाचा विरोधही त्याच प्रमाणात घटतो, आणि हवेचे घनफूट तेवढेच राहतात.

पंखा यंत्राजवळ न बसविता नळाच्या दुसऱ्या टोकाला, घराबाहेर, बसवावा. म्हणजे घरातल्या नळात सर्वत्र ओढ राहते. एखादा सांधा सैल झाला, तरी त्यातून धूर घरात न येता घरातली हवा नळात जाते. आवाजही घराबाहेर राहतो.

जेवढी बाहेर, तेवढी आत

बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि दहा फूट उंच खोलीत १,८०० घनफूट हवा असते. आपला पंखा ती साडेचार मिनिटांत बाहेर फेकतो. तेवढीच हवा आत यावयास वाट नसेल, तर उत्तम पंखाही हतबल होतो. यासाठी दाराच्या खालच्या भागात दोन चौरस फुटांची झडप ठेवावी, आणि ती शक्यतो यंत्राच्या समोरच्या भिंतीत असावी, म्हणजे ताजी हवा कारागिराच्या पाठीकडून येऊन धुराला पुढे नेईल.

हा मुद्दा केवळ कामाच्या सोयीचा नाही. बंद घरात हवेची ओढ निर्माण झाली, तर ती मिळेल तेथून आत येते. त्या घरात गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र चालू असेल, तर त्याचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी उलट घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. लेसर यंत्र चालू असताना ते बंदच ठेवावे.

‘बाहेर’ म्हणजे कोठे?

वाचकहो, येथपर्यंतचा हिशेब आपल्या घरापुरता झाला. परंतु नळाच्या पलीकडच्या टोकाला काय आहे, याचाही हिशेब करावयास हवा. आणि तो शिकविण्यास बेळ्ळंदूरसारखे दुसरे ठिकाण नाही.

बेळ्ळंदूरचा सुमारे ९०० एकरांचा तलाव हा बंगळूरमधील सर्वांत मोठा. शहराचे सांडपाणी पुरेशी शुद्धी न होता वर्षानुवर्षे त्यात जात राहिले. साबणाच्या द्रव्यांमुळे तलावावर पांढऱ्या फेसाचे डोंगर उठले, आणि वाऱ्याने तो फेस रस्त्यावर येऊ लागला. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला. फेब्रुवारी २०१७ मध्ये तलावावर पुन्हा आग लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने तलावाभोवतीचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. जानेवारी २०१८ मध्ये आग विझविण्यासाठी लष्कराचे जवान उतरावे लागले. पाणी पेटलेले जगाने पाहिले, ते येथे. त्या पाण्यात मळ सोडणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या दृष्टीने ‘बाहेर’च टाकला होता.

आपल्या धुराचेही तसेच आहे. खिडकीतून निघालेला धूर शेजारच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत आणि तेथे खेळणाऱ्या बाळाच्या श्वासात जातो. म्हणून नळ छपराच्या वर न्यावा आणि त्याचे तोंड आकाशाकडे ठेवावे. त्यावर छत्रीसारखी टोपी बसविली, तर पाऊस अडतो, पण धूरही खाली दबतो. त्याऐवजी तोंडाभोवती थोडा रुंद पत्र्याचा बाहेरचा नळ बसवावा, म्हणजे पावसाचे पाणी कडेने निघून जाते. कोणाची खिडकी वा वातानुकूलन यंत्र जवळ नाही, हे पाहावे.

जेथे छपरापर्यंत नळ नेणे शक्य नाही, किंवा शेजार फारच दाट आहे, तेथे गाळणी आवश्यक ठरते. आधी बारीक कणांची गाळणी आणि मग वासाच्या वायूंसाठी सक्रिय कोळसा, असा क्रम असतो. मात्र गाळणी २५ ते ५० मिलिमीटर विरोध वाढविते, आणि मळत जाईल तसा तो वाढतच जातो. पंखा निवडतानाच हे धरावे. कोळसा भरला की निरुपयोगी होतो, आणि कार्बन मोनॉक्साइड तर त्यात अडकतच नाही. तेव्हा गाळलेली हवाही खोलीत परत न सोडता बाहेरच सोडणे चांगले.

आवाज हाही एक प्रकारचा धूरच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. पंख्याखाली रबराची गादी आणि नळाच्या सांध्यात कापडाचा तुकडा घातला, तर कंप पुष्कळ कमी होतो. वेग निम्मा केला तर आवाज कमी होईल, परंतु हवा निम्मी आणि दाब चौथाई होतो, हे विसरू नये. रात्री हळू पंख्यावर काम रेटण्यापेक्षा यंत्रच बंद ठेवणे शहाणपणाचे.

उदबत्तीची परीक्षा

सारे बसविल्यावर खरी परीक्षा एका उदबत्तीने होते. पंखा सुरू करावा, किरण बंद ठेवावा, आणि पेटलेली उदबत्ती झाकणाच्या फटीजवळून सावकाश फिरवावी. प्रत्येक जागी धुराची रेघ आत वळली पाहिजे. जेथे ती थबकते किंवा बाहेर वळते, तेथे फट बुजवावी किंवा नळातला अडथळा शोधावा. ही परीक्षा दर महिन्याला करावी, कारण पात्यांवर आणि नळात चिकटा साचून ओढ हळूहळू कमी होत जाते आणि ते आपल्या लक्षात येत नाही.

कापणी सुरू करण्यापूर्वी पंखा लावावा, आणि कापणी संपल्यावर दोन-तीन मिनिटे झाकण न उघडता तो चालू ठेवावा. हवा वाहत नसेल तर किरणच निघू नये, असा स्वयंचलित खटका तंत्रज्ञाकडून बसवून घेता आला तर उत्तम. किरणाची व पंख्याची कळ दाराजवळ, हात पोहोचेल अशी असावी. फळीने पेट घेतला तर दोन्ही तत्काळ बंद करता येतील आणि आग नळात ओढली जाणार नाही. जवळ अग्निशामक ठेवावा, आणि यंत्र चालू असताना जागा सोडून जाऊ नये.

बेळ्ळंदूरच्या त्या दांपत्याला आता काय सांगावे? खिडकीतला पंखा काढून स्वयंपाकघरात लावावा. तेथे तो आपले काम चोख करील. चार इंची नळीच्या जागी सहा इंची पत्र्याचा नळ घ्यावा, तो छपरावर न्यावा, आणि त्याच्या टोकाला योग्य दाबाचा ब्लोअर बसवावा. खर्च थोडा वाढेल. पण मखर कापले जात असताना वरच्या मजल्यावर मूल निश्चिंत अभ्यास करील, आणि शेजारच्या घरात कोणाला खिडकी लावून घ्यावी लागणार नाही. घरगुती उद्योगाची मिळकत मोजताना या दोन गोष्टीही जमेच्या बाजूला लिहावयास हव्यात.